कोबीची अळी आणि कोथिंबिरीची जुडी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, किडा मेंदूत जातो म्हणून तू कोबी बंद केलास, पण कच्च्या कोथिंबिरीची चटणी चालूच आहे. कोबीतली हिरवी अळी पतंगाची असते, पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत गाठी करतं ते पट्टकृमीचं (टेपवर्मचं) अंडं, जेमतेम ०.०३-०.०४ मिमी, डोळ्यांना न दिसणारं. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लेल्या माणसाच्या आतड्यात तो कृमी वाढतो, अंडी शौचातून सांडपाण्यात आणि तिथून भाजीवर येतात. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्यालाही त्यातून फिट येऊ शकते.

मिठाच्या पाण्याने अळ्या बाहेर येतात, अंडी मरत नाहीत. जंतांच्या अंड्यांचं कवच तर इतकं चिवट की व्हिनेगर आणि पोटॅशियम परमँगनेटलाही दाद देत नाही. ती मरतात उष्णतेने, नाहीतर धुऊन काढून टाकायची.

जुडीची मुळं दोन बोटं वरून काप, माती तिथेच असते. मोठ्या पातेल्यात पाला खळबळव, पाच मिनिटं ठेव आणि पाला वर उचलून घे. पातेलं चाळणीत उपडं केलंस तर खाली बसलेली माती परत पाल्यावरच येते. पाणी बदलून तीनदा, शेवटी नळाच्या धारेखाली. चटणीसाठी पाला उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच उकळून गार केलेल्या पाण्यात टाक, हिरवा राहतो. आमटीवरची कोथिंबीर गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी घाल. कोबीची वरची दोन-तीन पानं टाकून दे आणि चिरण्याआधी धू. काकडी, गाजरही सोलण्याआधीच धुवायचं, नाहीतर सुरी घाण आत नेते.

बाबा, भेळेवरची कोथिंबीर आणि हिरवी चटणी नको म्हणा. शेव-चुरमुऱ्यांचं भय नाही. रसवंतीवर बर्फ नको. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. (उसाची मोळी कुठे ठेवलीय तेही बघा.)

आणि दर सहा महिन्यांनी आपल्या मनाने जंतांची गोळी घेऊ नका. ४०० मिग्रॅ अल्बेंडॅझोलच्या एका गोळीने अमिबा (आव पाडणारा जंतू) जात नाही, आणि मेंदूत न कळलेली गाठ असेल तर त्याच गोळीने फिट येऊ शकते. पोट बिघडलेलं राहिलं तर शौचाचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी द्या. अमिबा रोज सापडतोच असं नाही, काही न सापडलेल्या एका रिपोर्टवर थांबू नका.

तुमची लेक