मैथिलीस: गोळी घ्यायची तर कुठपर्यंत

देवगड,
आषाढ

चि. मैथिलीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज औषधांचं दुकान बंद करताना वाचला. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि बोलणं आईच्या सांडग्यांवर जातं. म्हणून लिहितोय. सावकाश वाच, आणि डॉक्टरांकडे जाशील तेव्हा हे बरोबर ने.

झोपेसाठी आणि पॅनिकसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांसाठी, डॉक्टरांनी दिलेली क्वेटियापिनची गोळी "चालू ठेवू की फेकून देऊ" असं विचारलंस. आज रात्री फेकू नकोस. क्वेटियापिन एकदम तोडली तर मळमळ होते, झोप आधीपेक्षाही बिघडते, आणि मग आपलं गोळीशिवाय चालणारच नाही अशी माणसाची खात्री पटते. उतरवायची ती डॉक्टरांना विचारून, थोडी थोडी.

आता नावाबद्दल. तू नाव शोधलंस, 'अँटिसायकोटिक' (भ्रम-भास होणाऱ्या मनोविकारांवरचं औषध) वाचलंस, खाली 'स्किझोफ्रेनिया' वाचलंस, आणि ती रात्र बसून काढलीस. आपल्याकडे कुणी जरा वेगळा वागला की "ह्येका रत्नागिरीक न्हेवक व्हया" म्हणतात, मनोरुग्णालय तिथे आहे म्हणून. तू तर बँकेच्या कृपेनं आधीच रत्नागिरीत आहेस! तेव्हा नावाला घाबरू नकोस. अमेरिकेत १९९७ साली या औषधाला मान्यता मिळाली ती स्किझोफ्रेनियासाठी, पुढे बायपोलर आजारासाठीही (मन कधी उसळतं, कधी खचतं तो). स्किझोफ्रेनियात रोजची मात्रा १५० ते ७५० मिलिग्रॅमच्या घरात असते. तुला सुरू केली २५ वर, आता ५०. एवढ्याशा मात्रेत ती मेंदूतल्या हिस्टामिनला, जागं ठेवणाऱ्या रसायनाला, अडवते, म्हणजे सर्दीच्या जुन्या गोळीनं जशी गुंगी येते तशीच ही. तुला वेडी समजून कुणी काही दिलेलं नाही.

पण मात्रा कमी म्हणजे धोकाही कमी, असं काही जण सांगतात, तेवढं सोपं ते नाही. भूक वाढते आणि वजन चढतं, ते कमी मात्रेवरही. तुझे सलवारचे नाडे सैल करावे लागतायत हे तू गमतीत लिहिलंस. मी ते गमतीत वाचलं नाही. आजीचं इन्सुलिन तू लहानपणापासून पाहिलंयस, माझी साखर गेल्या काही वर्षांत काठावर आहे. या घराण्यातल्या मुलीला अशी गोळी देण्याआधी उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवायला हवा होता आणि तीन महिन्यांनी परत तपासायला हवा होता. तुझ्या कागदांत त्यातलं काही दिसत नाही. हेच मला सगळ्यात खटकलं. शिवाय तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, सकाळी डोकं जड, रात्री झटकन उठलं की भोवळ. बाथरूमला जाताना आधी खाटेच्या कडेला जरा बसत जा. चेहऱ्याच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा आजार या औषधानं, तोही एवढ्या मात्रेत, क्वचितच होतो. पण झाला तर कधी कधी औषध बंद केल्यावरही जात नाही, म्हणून तो हिशेबात धरायचा.

एक गोष्ट मात्र तू स्वतःवर लक्ष ठेवून बघ. या जातीच्या औषधांनी काहींना अस्वस्थपणा येतो: पाय एका जागी राहत नाहीत, बसवत नाही, येरझाऱ्या घालाव्याशा वाटतात. क्वेटियापिननं तो इतरांपेक्षा कमी जणांना होतो, पण होतो. पॅनिकच्या माणसाला तो पॅनिकच वाटतो. डॉक्टरला तसंच सांगितलं जातं, आणि मात्रा कमी व्हायच्या ऐवजी वाढते. तेव्हा "घाबरायला होतं" एवढंच सांगू नकोस. छाती धडधडते की पाय स्वस्थ बसू देत नाहीत, आणि गोळी घेतल्यावर किती वेळानं, हे लिहून ने.

तुझ्या डॉक्टरांनी ही गोळी का दिली असेल, याचा अंदाज मला गल्ल्यावर बसून येतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची-चिंतेची औषधं २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या यादीत, आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरात उतरवावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. कारण योग्यच आहे, त्या गोळ्यांची सवय लागते आणि सुटता सुटत नाही. क्वेटियापिन त्या रजिस्टरात नाही. सवय लावणारी गोळी टाळायची, तर ही देऊ, असा सरळ विचार असणार. त्यात वाईट हेतू काही नाही. पण रजिस्टरात नसलेली गोळी कुणी मोजत नाही, आणि जुनी चिठ्ठी दाखवून लोक ती वर्षानुवर्षं नेतात. चिठ्ठीवर "दहा दिवस" असतं. पुढे काय, ते कुणीच लिहीत नाही.

अशीच एक जोडगोळी एके काळी गावोगाव चिंतेवर दिली जायची, फ्लुपेन्थिक्सॉल आणि मेलिट्रासेनची. त्यातलं पहिलं अँटिसायकोटिकच. २०१३ साली केंद्र सरकारनं तिच्यावर टाच आणली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. ज्यांना ती बंद करावी लागली, त्यातल्या बहुतेकांना आपण काय घेत होतो याचा पत्ताच नव्हता.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा औषधं विकतात आणि औषधांना शिव्या देतात. आपल्या दुकानातून एक तांडेल (मासेमारी होडीचा म्होरक्या) हीच गोळी नेतो, मोठ्या मात्रेत. बायपोलर आहे. आजार उसळला होता तेव्हा तो झोपेविना होडी घेऊन भलत्या वेळी समुद्रात गेला होता. आज घर चालवतो, पोरांची फी भरतो. त्याचंही वजन वाढलंय, साखर आम्ही तपासून घेतो. त्यानं ती बंद करावी असं मी कधीच म्हणणार नाही. कारण दुसऱ्या पारड्यात त्याचा जीव आहे. तुझ्या दुसऱ्या पारड्यात काय आहे? झोप आणि पॅनिक. दोन्ही त्रास खरे आहेत, त्यांना मी हलकं समजत नाही, पण दोन्हींवर याहून चांगले उपाय आहेत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय की मोठ्यांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून अँटिसायकोटिक सरसकट देऊ नये. युरोपातल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. पॅनिकसाठीही या गोळीला मान्यता नाही.

पॅनिकवर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या जातीची औषधं दिली जातात. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला धडधड थोडी वाढूही शकते, म्हणून कमी मात्रेनं सुरू करतात. हे आधीच माहीत असलं की माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देत नाही. त्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे. बँकेतला चहा मोज, दुपारनंतरचा तर बंदच कर.

आणि कोकण रेल्वेवरचा कारबुडेचा बोगदा. साडेसहा किलोमीटर, मध्ये उजेड नाही, नेटवर्क नाही. तिथे पहिल्यांदा घाबरलीस आणि तेव्हापासून मुंबईला एसटीनं जातेस, रात्रभर हाडं खिळखिळी करून. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि मग आपला आपण उतरतो. पण बोगदाच टाळला तर तो उतरतो हे मनाला कळणार कसं? वर्तनोपचारात हेच करून घेतात. आधी श्वास आणि छातीतल्या धडधडीची सवय, मग छोटे बोगदे, मग तो मोठा, सोबतीनं आणि शेवटी एकटीनं. झोपेसाठीही असाच उपचार आहे, आणि दीर्घकाळच्या निद्रानाशावर आज तोच पहिला मानतात. रोज उठायची वेळ एकच, रविवारीही. झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं, वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बसायचं. पहिले काही दिवस दुपारी डोळे मिटतील, तेव्हा स्कूटर चालवू नकोस. रत्नागिरीत असं शिकवणारं कोण, हे कळत नसेल तर १४४१६ ला फोन कर. टेली-मानस म्हणतात, सरकारी आहे, मराठीत बोलतात.

शेजारच्या काकूंनी तुझ्यासाठी सर्पगंधाचं मूळ आणून दिलंय, "निसर्गातला आसा, काय करणा नाय" म्हणून. ते मी ठेवून घेतलं, पाठवणार नाही. १९३१ साली सेन आणि बोस या बंगाली डॉक्टरांनी वेडावरच त्याचा उपयोग छापला होता. त्यातूनच पुढे रिसर्पिन निघालं, आणि त्यानं रक्तदाब खाली येतो, मन खचतं. तुझ्या गोळीनंही रक्तदाब उतरतो. दोन्ही एकत्र नकोच.

डॉक्टरांना चढ्या आवाजात विचारू नकोस, पण विचार. ही गोळी कशासाठी, कधी बंद करायची, कशी उतरवायची, रक्त कधी तपासायचं. तारीख चिठ्ठीवर लिहून माग. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं रुग्णाला उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम समजून घ्यायचा हक्क दिलाय, तेव्हा संकोच नको. ते म्हणाले की बाकीचे उपाय लागू पडेपर्यंत थोडे आठवडे असू दे, तर मला त्यात वावगं वाटत नाही. "बघू पुढे" म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

साखरेचा रिपोर्ट आला की मला पाठव. आईला तू घाबरतेस एवढंच माहीत आहे, गोळीचं नाव माहीत नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी आपणहून बोलणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. या गोळीबरोबर ग्रेपफ्रूटचा रस घेऊ नये म्हणतात, रक्तातलं औषध वाढतं. आपलं पपनस त्याच्याच घराण्यातलं. गणपतीत येशील तेव्हा गणपतीवरच्या माटवीला टांगलेलं पपनस दादाला खाऊ दे. आणि तसंच, खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर ते सुरू करण्याआधी मला फोन कर.