विज्ञानाची जुनी चित्रे माहितीच्या ओळीसह छापा

महोदय,
विज्ञानविषयक लेखांसोबत जुनी चित्रे छापली जातात, पण बहुतेकदा केवळ शोभेसाठी. खाली चित्रकाराचे नाव नसते, सालही नसते. ही चित्रे म्हणजे इतिहासाचे पुरावे आहेत. इंग्रज चित्रकार जोसेफ राइट यांनी 1768 मध्ये रंगवलेला हवापंपाचा, म्हणजे भांड्यातली हवा काढून घेणाऱ्या यंत्राचा, प्रयोग पाहा. काचेच्या भांड्यात गुदमरणारा पांढरा काकाकुवा, वरच्या झडपेवर प्रयोगकर्त्याचा हात, डोळे झाकून घेणारी मुलगी, आणि या सगळ्याकडे लक्षच नसलेले एक जोडपे. निर्वाताचा, म्हणजे हवा नसलेल्या पोकळीचा, प्रयोग तेव्हा लोकांसमोर दाखवण्याचा खेळ झाला होता, आणि त्याविषयी माणसांना काय वाटत होते, हे या चेहऱ्यांवर दिसते. कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृती हे सांगू शकत नाही.

वैद्यकाचेही तसेच. मध्ययुगीन युरोपीय चित्रांत वैद्य ओळखायचा तो हातातल्या लघवीच्या कुपीवरून. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 1632 मधील, अॅमस्टरडॅमचे वैद्य डॉ. टुल्प यांच्या चित्रात मात्र शवविच्छेदन आहे. ते तिथल्या शल्यचिकित्सक संघासाठी काढलेले होते, म्हणून त्यात सभासदांचे चेहरे इतके ठसठशीत आहेत. मृतदेह फाशी दिलेल्या चोराचा होता, हे किती वाचकांना ठाऊक असते?

पुढे 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन यांनी पत्नीच्या हाताची क्ष-किरण प्रतिमा घेतली आणि भौतिकशास्त्र व वैद्यक छायाचित्राच्या एकाच काचेवर आले.

कृपया अशा प्रत्येक चित्राखाली चित्रकार, साल आणि ते कोणासाठी काढले, एवढे तरी छापावे.

— एक वाचक