मथळा द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतले जुन्या मथळ्यांचे 'पुढे काय झाले असते' हे पानभर वाचले. दोन ठिकाणी हसू आले, हे आधीच कबूल करतो, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याला विनोद कळत नाही. शिकागोच्या 'ट्रिब्यून'ने ३ नोव्हेंबर १९४८ च्या अंकात अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ट्रुमनना पाडून ड्युईंना निवडून आणले. मग ड्युईसाहेब तो अंक काखोटीला मारून व्हाइट हाउसच्या फाटकावर गेले आणि "छापून आलंय म्हणजे खरंच असणार" म्हणत पहारेकऱ्याने त्यांना आत सोडले, इथवर ठीक. पण पुढचे तीन परिच्छेद ड्युईंच्या मिशांवर कशाला? खरी गंमत वेगळीच होती. छापखान्यात जुळाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छपाईला सोडावा लागला. निकाल यायचा होता, मथळा थांबायला तयार नव्हता. ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ अशा निर्वाचक मतांनी (इलेक्टोरल) निवडून आले आणि त्यांनी तोच अंक दोन्ही हातांनी उंच धरून फोटो काढून घेतला. यापुढे कुठली कल्पना लढवणार?

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यावर सरकारने डोके शोधायला समिती नेमली, हे मान्य. मी तर म्हणतो समितीने अहवालही दिला असता : 'डोके असल्याचे आढळले, ठिकाणाबाबत सदस्यांत मतभेद आहेत.' पण आपल्या लेखकाने जाता जाता 'याच मथळ्यापायी टिळक तुरुंगात गेले' असे ठोकून दिले आहे. तो अग्रलेख १८९७ च्या जुलैतला. ज्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा लागली, तो 'केसरी'च्या त्याच वर्षीच्या १५ जूनच्या अंकातला. विनोद करा, पण तारीख बघून करा.

आणि 'टायटॅनिक' या पंगतीत नको होते. १९१२ साली 'सर्व प्रवासी सुखरूप' असे छापणारी पत्रे निघाली आणि घरोघरच्या लोकांनी ती वाचून सुटकेचा श्वास टाकला. पंधराशेहून जास्त माणसे गेली होती. तिथे काल्पनिक परिणाम कसले लिहिता?

उलट न्यू यॉर्कच्या 'सन'ला मोकळे सोडलेत. त्यांनी १८३५ साली खगोलशास्त्रज्ञ हर्शेल यांच्या नावावर चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे शोधून काढली होती. हर्शेल बिचारे तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला दुर्बीण लावून बसलेले, त्यांना याचा पत्ताच नाही. चंद्रावर खरेच कोणी असते तर त्यांनी संपादकांना खुलासा पाठवला असता आणि तो जागेअभावी अर्धा छापून आला असता. हे मात्र मी कल्पनेने लिहीत नाही.

मागच्या वर्षी आपल्याच दैनिकाला मी पत्र पाठवले होते. विषय साधा, बागेतली बाकडी हटवू नका. पत्र छापलेत, आभारी आहे. वर मथळा दिलात : 'बागेतली बाकडी हटवा'. फोन केला तेव्हा तुमचे उपसंपादक शांतपणे म्हणाले, "काका, एका रकान्यात 'हटवू नका' बसत नव्हतं."

पत्रात खाली सगळे नीट होते हो. पण मथळ्याच्या खाली उतरतो कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. रोज मला पाहून चौघे थोडे थोडे सरकतात आणि टोकाला माझ्यापुरती वीतभर जागा होते. त्या दिवशी कोणी सरकले नाही. माझ्या जागेवर एकांनी छत्री आडवी ठेवली होती. आभाळात ढगही नव्हता. मी उभा राहिलो, खाकरलो. छत्री हलली नाही. शेवटी एक वहिनी दुसरीकडे बघत म्हणाल्या, "ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना काय, बाकडी नकोतच." माझ्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे हे त्यांना ठाऊक आहे. डबा त्यांच्याच घरून आला होता.

दहा दिवसांनी बागेचा माणूस आला, फायलीत माझ्या पत्राचे कात्रण लावलेले आणि मथळ्याखाली लाल पेन्सिलीने रेघ. चारांपैकी दोन बाकडी 'नागरिकांच्या मागणीनुसार' गेली. मी त्याला म्हटले, अहो, खालचे वाचा. तो म्हणाला, "साहेबांनी वरचं वाचून सही केलीय."

तीन आठवड्यांनी तुमचा खुलासा आला. सातव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली : "'हटवा' ऐवजी 'हटवू नका' असे वाचावे." कुठे, कशाबद्दल, काही नाही. शेजारीच बातमी होती, 'अतिक्रमणे हटवा'. आता कल्पना कराच, ते वाचून कोणाकोणाला आनंद झाला असेल!

तरी मी नशीबवान म्हणायचा. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने १९२० साली रॉकेटशास्त्रज्ञ गॉडर्ड यांना सुनावले होते की पोकळीत रॉकेट चालूच शकत नाही, शाळकरी पोरांना कळते ते यांना कळत नाही. दिलगिरी छापली १७ जुलै १९६९ ला, म्हणजे माणसे चंद्राकडे निघाल्यावर दुसऱ्या दिवशी. गॉडर्ड १९४५ मध्येच गेले होते. त्या मानाने तीन आठवडे म्हणजे तातडीच. छत्री मात्र अजून आहे. हल्ली मी उभ्यानेच पेपर वाचतो, तोही तुमचाच.

तेव्हा विनंती एवढीच, या पत्राला मथळा देऊ नये. अगदी द्यायचाच झाला तर 'मथळा देऊ नका' असा तरी देऊ नका, रकान्याची रुंदी मला माहीत आहे.

ता. क. कालच्या शब्दकोड्यात उभा ७ चारअक्षरी आहे आणि चौकोन तीनच. तिथेही जागा कमी पडली का?

आपला,
एक जुना वर्गणीदार