खुनाच्या मालिका बघून झोप कशी लागते, त्याचं उत्तर

वॉलिंगफर्ड, इंग्लंड, रविवार रात्र

प्रिय आई,

ताईला सांगितलंय की हे मोठ्या अक्षरात प्रिंट काढून तुला दे, म्हणजे चष्मा शोधत घरभर फिरायला नको. फोनवर सांगायला गेलं की बाबा मधेच येऊन "तिकडे थंडी किती" विचारतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून लिहितेय. परवा तू विचारलंस ना, अगं एकटी राहतेस आणि रात्रीच्या कसल्या त्या खुनाच्या मालिका बघतेस, झोप कशी लागते तुला? मी हसून सोडून दिलं पण नंतर दोन दिवस डोक्यात तेच. खरं सांगू का, मला झोप लागते ती त्या बघूनच लागते, बातम्या बघितल्या की लागत नाही.

तू समजतेस तशा त्या नसतात गं. रक्ताचे पाट नाहीत, किंचाळ्या नाहीत, अंधाऱ्या गोदामात कुणाला बांधून ठेवलंय वगैरे नाही. इकडे या प्रकाराला 'कोझी' म्हणतात, म्हणजे पाय पोटाशी घेऊन गोधडीत शिरल्यावर वाटतं ना, तसं काहीतरी. लहानसं गाव, चर्च, पब, फुलांचं प्रदर्शन, केकची स्पर्धा, आणि मग सकाळी माळ्याला झुडपात कर्नलसाहेब सापडतात. कर्नल आधीच्या दहा मिनिटांत सगळ्या गावाशी भांडून झालेला असतो त्यामुळे त्याच्याबद्दल कुणालाच, अगदी बायकोलासुद्धा, फारसं वाईट वाटत नाही. मग पोलीस साहेब येतात, चहा घेतात, प्रश्न विचारतात. मधे कुणीतरी शहाणी बाई खुन्याला बघते आणि पोलिसांकडे जायचं सोडून त्यालाच फोन करून पैसे मागते, की दुसरा मुडदा. बहुतेक वेळा तिसराही पडतो. आणि शेवटी साहेब घरी येऊन बायकोच्या हातचं बेचव जेवण कसं टाळायचं या चिंतेत. संपली गोष्ट.

मी जी सगळ्यात जास्त बघते ती 'मिडसमर मर्डर्स'. १९९७ साली सुरू झाली आणि अजून चालू आहे. त्यातल्या पोलीस साहेबांचं नाव बार्नबी. पहिला बार्नबी झालेला नट जॉन नेटल्स, तो २०११ मध्ये सोडून गेला, मग त्याचा चुलतभाऊ म्हणून दुसरा बार्नबी आणला, म्हणजे आडनाव बदलायला नको. आपल्याकडे अपघातानंतर प्लास्टिक सर्जरी करून नवीन नट आणतात त्यापेक्षा बरं की. पहिल्या बार्नबीची बायको जॉइस, तिला हौस दांडगी, कधी नाटक, कधी गाण्याचा ग्रुप, कधी चित्रकला, आणि ती जिथे नाव घालते तिथे कुणीतरी मरतंच. तू भिशी, भजनी मंडळ, वाचनालय, हास्यक्लब एवढ्या ठिकाणी जातेस ते बघता वाईत आत्तापर्यंत निम्मी गंगापुरी संपली असती.

खून पण असे की हसू येतं. एका भागात बाईच्या अंगावर चीजचा भलामोठा गोळा ढकलून मारलंय. एकात माणसाला हिरवळीवर बांधून घातलाय आणि जुन्या लढाईतल्या गोफणयंत्राने त्याच्यावर दारूच्या बाटल्या फेकल्यात, त्याच्याच तळघरातल्या! बाबांना हे सांगू नकोस, ते म्हणतील एवढ्यासाठी कर्ज काढून परदेशी शिकवलं का.

आता गंमत ऐक. मालिकेतलं मुख्य गाव कॉस्टन, ते कुठेही नाही, पण त्याचं शूटिंग माझ्या या वॉलिंगफर्डमध्ये होतं. चौकात जुनं कॉर्न एक्स्चेंज, म्हणजे धान्यबाजार, आहे, आता तिथे नाटकं सिनेमे होतात, ते मालिकेत कॉस्टनचं थिएटर. मी तिथून रोज दूध घेऊन जाते. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालेलं आणि नंतर कितीतरी दिवस लोक येऊन विचारायचे शाहरुख नेमका कुठे उभा होता, तसं इथे लोक येऊन त्या इमारतीसमोर फोटो काढतात. गाव पण आपल्यासारखंच, नदीकाठचं, कृष्णेच्या जागी थेम्स, दगडी कमानींचा जुना पूल, आणि बाजारात पाच मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागतो कारण वाटेत ओळखीचे भेटतात. म्हणजे त्यांच्या ओळखीचे, माझ्या नाही. पहिलं वर्षभर तरी नाही.

आणि या सगळ्याची आद्य आजी म्हणजे अगाथा ख्रिस्ती, ती इथेच राहायची! गावाला लागून विंटरब्रुकमध्ये तिने १९३४ साली घर घेतलं आणि १९७६ च्या जानेवारीत तिथेच गेली. शेजारच्या चोल्सी गावच्या चर्चमागे तिला पुरलंय, मी चालत जाऊन आले, शेतातून वाट आहे, बुटांचा चिखलाने सत्यानाश. दगडावर आधी नाव अगाथा मॅलोवन, लग्नानंतरचं, लेखिकेचं नाव त्याखाली. २०२३ मध्ये गावात तिचा ब्राँझचा पुतळा बसवला, बाकावर बसलेली, हातात पुस्तक. शेजारी जागा ठेवलीये, कुणीही जाऊन बसावं. मी डबा घेऊन बसते कधीकधी. ती बघतेय असं वाटतं, म्हणजे नुसती बघत नाही, हिशोब करतेय की ही बाई मंगळवारी या वेळी इथे काय करते.

माझ्या औषधांच्या धंद्यातलीच ती, हे तुला माहीत नसेल. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळात आधी नर्स होती आणि मग औषधं बनवून द्यायच्या विभागात, कंपाउंडरची रीतसर परीक्षा पण पास झाली. म्हणून तिच्या गोष्टीत विषं एवढी, आणि अचूक. १९२० च्या पहिल्याच कादंबरीत टॉनिकमध्ये स्ट्रिकनीन असतं, थोडंसं, तेव्हा डॉक्टर द्यायचेच. त्यात कुणीतरी ब्रोमाइडची पूड टाकतो, की सगळं स्ट्रिकनीन तळाला बसतं आणि शेवटच्या डोसात एकदम पोटात जातं. (सॉरी, गोष्ट फोडली.) फार्मसीवाल्यांच्या मासिकाने त्या पुस्तकाचं कौतुक केलं होतं, की औषधाचं कुणीतरी बरोबर लिहिलंय. मी बाटलीवर 'हलवून घ्या'चं लेबल लावताना दर वेळी मनात हसते आणि समोरच्या आजोबांना वाटतं मी त्यांनाच हसले.

पण आई, खरी गोष्ट पुढे आहे. तू लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात लपवून बाबुराव अर्नाळकर वाचायचीस म्हणून सांगतेस ना, तो झुंजार, तो काळापहाड, वेषांतरं, पिस्तुलं, मोटारींचे पाठलाग. ख्रिस्तीच्या मिस मार्पलकडे यातलं काही नाही. ती म्हातारी, लग्न न केलेली, खेड्यात राहणारी, विणत बसलेली. तिची एकच युक्ती. कुणीही माणूस समोर आला की तिला गावातलं कुणीतरी आठवतं, हा अगदी आमच्या त्या मासळीवाल्याच्या पोरासारखा हसतो, आणि तो पोरगा पैशाला खोटा होता, म्हणजे हाही असणार. पोलीस हसतात. आणि मग ती बरोबर निघते. अमेरिकेतल्या 'मर्डर शी रोट' मालिकेतली जेसिका फ्लेचर तर रिटायर्ड इंग्रजीची मास्तरीण, विधवा बाई, सायकलवरून फिरते. १९८४ ते ९६, बारा वर्षं, २६४ भाग! कॅबट कोव्ह हे तिचं गाव समुद्रकाठचं, जेमतेम साडेतीन हजार वस्तीचं, आणि तिथे इतके खून की लोक चेष्टेने म्हणतात बाईच करत असणार.

हे बघताना मला तू दिसतेस, चेष्टा नाही करत. ती निनावी चिठ्ठी आठवते? मी सातवीत असेन, तुमच्या हेडसरांना कुणीतरी चिठ्ठी लिहिली होती की परीक्षेचे पेपर आधीच फुटतात, आणि सगळ्यांचा संशय शिपायावर. बिचाऱ्याची नोकरी जायची पाळी. तू ती चिठ्ठी एकदा हातात घेतलीस आणि म्हणालीस, शिपाई नाही. का? तर 'परीक्षा'ची री दीर्घ आहे! अख्ख्या शाळेत 'परिक्षा' लिहायचे सगळे, हेडसरांसकट, फळ्यावरसुद्धा. दीर्घ लिहिणारे दोघंच, एक तू आणि दुसरे ते, जाऊदे, आता ते हयात नाहीत. त्यांना तू चारचौघांत उघडं पाडलं नाहीस, नुसतं स्टाफरूममध्ये चहाचा कप देताना म्हणालीस, "सर, तुमचं शुद्धलेखन मात्र चांगलं हं." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच हेडसरांकडे गेले. बार्नबीला यासाठी दीड तास लागला असता आणि मधे दोन माणसं मेली असती.

तर मला ते बघायला आवडतं. कुणीतरी कुणाकडे नीट बघतंय. दुधाची बाटली दोन दिवस दाराशीच आहे, पडदा भलत्या वेळी बंद आहे, बाईंनी रविवारचा कोट बुधवारी का घातलाय. आमच्या दुकानात काउंटरवर पण मला सगळ्या गावाचं माहीत असतं, कुणाची झोपेची गोळी वाढली, कुणाच्या नवऱ्याची औषधं न्यायला कुणी आलंच नाही. पण तोंड उघडायचं नाही, नियम आहे आणि बरोबरच आहे. शिवाय तिथे जे कायमचे यायचे थांबतात ना, त्यात कुणाचा हात नसतो, शोधून काढायला काही नसतं. बार्नबीकडे निदान कारण सापडतं, मग ते फुलांच्या प्रदर्शनातल्या दुसऱ्या नंबरचं का असेना.

मागच्या फेब्रुवारीत मला फ्लू झाला होता ते तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते, रागावू नकोस. चार दिवस पडून होते, फोनवर तुला नुसता घसा बसलाय म्हटलं. चौथ्या दिवशी दार वाजलं. पलीकडच्या आजीबाई, ऐंशीच्या पुढच्या असतील, दीड वर्षात 'गुड मॉर्निंग'च्या पुढे आमचं बोलणं नव्हतं. म्हणाल्या, काल कचऱ्याची गाडी आली आणि तुझा डबा बाहेर नव्हता. तू कधी चुकत नाहीस. आणि दोन दिवस स्वयंपाकघरातला दिवा पण नाही. म्हणजे बाई दीड वर्ष माझ्या कचऱ्याच्या डब्यावर नजर ठेवून होती! मला आधी राग आला आणि मग एकदम रडूच आलं, तापामुळे असेल. टोमॅटोच्या सुपाचा डबा आणला होता, गरम करून दिलं, फोडणी नाही काही नाही, पण प्यायले. टीव्हीवर मिडसमर लागलं होतं, त्या हलल्याच नाहीत. तेव्हापासून दर रविवारी येतात. चहा, माझ्या हातचा चिवडा (त्यातले शेंगदाणे वेचून आधी संपवतात) आणि एक खून.

त्या खुनी पहिल्या वीस मिनिटांत ओळखतात. पुरावे वगैरे बघतच नाहीत, त्यांचा नियम वेगळाच, एवढा नावाजलेला नट दोन वाक्यं बोलायला येत नाही, म्हणजे तोच. मी मात्र दर वेळी माळ्यावर जाते आणि माळी कधीच नसतो.

एक गोष्ट खटकते ती पण लिहिते. २०११ मध्ये या मालिकेचा निर्माता मुलाखतीत बोलून बसला की यात गोऱ्यांशिवाय कुणी नाही म्हणूनच ती चालते, हा शेवटचा इंग्रजी बुरूज आहे. मोठा गदारोळ झाला, त्याला काही दिवस बाजूला केलं, आणि मग तो मालिका सोडूनच गेला. पुढे २०१६ मध्ये शवविच्छेदन करणारी डॉक्टर म्हणून मनजिंदर विर्क आली, बाकीही चेहरे यायला लागले. मी जुने भाग बघते तेव्हा एवढं गाव, एवढी दुकानं, आणि औषधाच्या दुकानात आपल्यासारखं कुणीच नाही हे जाणवतंच. आम्हाला गावात राहायचा सोडा, मरायचासुद्धा मान नव्हता. हे आजीबाईंना सांगितलं तर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, तू असतीस तर खुनी नसतीस, तुला सहाव्या मिनिटाला मारलं असतं कारण तुला सगळ्यांची औषधं माहीत. खूष होऊन सांगितलं त्यांनी. मी पण खूष झाले, काय सांगू.

बरं, आता पुरे, अकरा वाजले. मेतकूट संपलंय, ताईचे सासरे मे महिन्यात येणारेत ना लंडनला, त्यांच्याबरोबर पाठव, गोडा मसाला पण, आणि डबा घट्ट बांध, मागच्या वेळी सगळ्या साड्यांना वास लागला होता.

आणि मुख्य राहिलंच. वाड्यात वरच्या खोलीत जो नवीन भाडेकरू आलाय, रात्री दोनला दिवा लावतो आणि दर गुरुवारी रिकामी सुटकेस घेऊन बाहेर जातो म्हणालीस, त्याचं पुढे काय निघालं? फोनवर तू सांगायला लागलीस आणि बाबा आले. मी आजीबाईंना तेवढं सांगितलंय, त्या दर रविवारी विचारतात. त्यांचं एकच म्हणणं आहे, परत येताना सुटकेस जड असते का ते बघा. बघून ठेव आणि कळव.

तुझी धाकटी