काचेवरचे पांढरे डाग आणि अ‍ॅसिडची घाई

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागून खिडक्यांना कूलर बसले की काचांवर पांढरे ओघळ दिसू लागतात आणि अनेक घरांत फरशी धुण्याचे अ‍ॅसिड बाहेर निघते. तसे करू नये. डाग जातो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवरचा थरही जातो. खिडकीखालची शहाबादी, कडप्पा किंवा मार्बलची पट्टी कायमची खरबरीत होते, कारण हे तिन्ही दगड चुनखडीच्याच जातीचे आहेत. अ‍ॅसिड जसे डाग खाते तसेच दगडही खाते. त्यात ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

हा डाग मळाचा नसून पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेल्या क्षारांचा असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण) लिटरला 200 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. 600 चे एक लिटर पाणी काचेवर वाळले तर अर्ध्या ग्रॅमहून जास्त क्षार उरतात. सोलापूरच्या उन्हात वाळायला वेळ कितीसा लागतो!

काढायची रीत अशी. ऊन नसताना आधी साध्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. कोरडी धूळ घासली की काचेवर चरे पडतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवावे, किंवा पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. त्यात भिजवलेले सुती फडके काचेला चिकटवून दहा-पंधरा मिनिटे ओले ठेवावे. खालच्या दगडावर जुना टॉवेल अंथरावा, कारण लिंबूसत्त्वही शेवटी आम्लच. मग मऊ स्पंजने गोल फिरवत घासावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि वायपरने वरून खाली ओढून कोरड्या फडक्याने कडा टिपाव्यात. लोक कडा सोडतात आणि डाग पुन्हा तिथूनच धरतो. फिल्म लावलेल्या काचेवर ब्लेड किंवा तारेची घासणी चालवू नये.

दोन-तीनदा करूनही धुरकटपणा राहिला, तर तो सिलिकाचा (वाळूत असते त्याच द्रव्याचा) थर असतो किंवा काचच खराब झालेली असते. त्यावर आंबट काही चालत नाही. सेरियम ऑक्साइडची पेस्ट आणि नमद्याचे पॅड वापरून, काच सतत ओली ठेवत पॉलिश करावे लागते. ते कारागिराकडे सोपवलेले बरे. एकाच जागी जास्त घासले की काचेतून दिसणारे चित्र वाकडे होते.

आरओचे वाया जाणारे पाणी खिडक्या धुवायला वापरण्याची काटकसर मात्र उलटी पडते. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही दाट असतात. ते संडासात ओतावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी क्षारांवाचून असते. कोरड्या हवेत ते थोडेच मिळते, पण काचेवरचा शेवटचा हात फिरवायला पुरते. कूलरमध्ये पाणी उडून क्षार टाकीतच राहतात, म्हणून नुसती भर घालत न राहता आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवरून ओघळत असेल, तर तो पाइपने थेट खाली उतरवावा. तोपर्यंत खालच्या मजल्यावरच्यांनी काच कितीही पुसली तरी उपयोग नाही.

आपला,
एक काच-अ‍ॅल्युमिनियम कारागीर, सोलापूर