खिडकीपलीकडच्या ताईंना

ताई,

तुम्हाला मराठी येत नाही, पण मनातलं बोलायला मला हीच भाषा लागते. लेक वाचून इंग्रजीत सांगेल.

फेब्रुवारी 2020 चा शेवटचा आठवडा. अमेरिकेत 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम नुकताच लागू झाला होता. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड हातचं जाऊ शकतं, असा. ह्यांची नोकरी गेलेली, आमचे अर्ज पडून, आणि पाच वर्षांच्या लेकीचा दमा बळावलेला. तरी मी आरोग्य केंद्रात आले ती तिचं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्यांना मिळणारा सरकारी आरोग्य विमा, बंद करा म्हणायला.

नियम मी वाचलाच नव्हता. कानावर होतं ते लोकांचं बोलणं. टीव्हीवर रोज 'आयतं खाणारे' ऐकायचो. पण खरं सांगते, त्याहून जास्त लागलं ते ओळखीतल्या एका काकूंचं, "आपली माणसं असलं काही घेत नाहीत गं." ज्यांना हा नियम लागूही नव्हता, अशा कितीतरी कुटुंबांनी तेव्हा मुलांची अन्नमदत आणि विमा सोडून दिला. मीही त्यांच्यातलीच एक झाले असते.

तुम्ही माझा अर्ज घेतलात, पालथा ठेवलात आणि खिडकी सोडून बाहेर आलात. बाकावर माझ्या शेजारी बसलात. रांगेतल्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलत होतात. छापील कागदावरच्या दोन ओळी पिवळ्या मार्करनं रंगवल्यात. एकवीस वर्षांखालच्यांचं मेडिकेड मोजत नाहीत. शिवाय लेक इथे जन्मलेली, इथलीच नागरिक. तिला मिळालेली मदत आईवडिलांच्या नावावर धरत नाहीत. मग विचारलंत, "तिचा पंप अजून किती दिवस पुरेल?"

चार दिवस पुरला असता. घरी मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मार्च 2021 मध्ये तो नियम गेला, भीती मात्र राहिली. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आईनं मुलाला दवाखान्यात नेणंच सोडलं होतं. नियम रद्द झालाय म्हटलं तरी तिला पटेना. तुमचा तो पिवळ्या ओळींचा कागद घेऊन मी तिच्याकडे तीनदा गेले. दोनदा तिनं दार अर्धंच उघडलं. तिसऱ्यांदा मुलाचा हात धरून ती माझ्याबरोबर तुमच्या खिडकीपर्यंत आली.

तिथे तुमच्या जागी दुसरं कुणीतरी होतं. तिचं काम झालं, पण तुमचे आभार मानायचे राहिले. तिच्या आणि माझ्या, दोघींच्याही वतीनं ते आज इथे मानते.

तुमची,
दम्याच्या पंपवाल्या मुलीची आई