तापमानाचं म्हणून विकलेलं बटण पाण्याचा कॉक निघालं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
आणि हे यंत्र ज्यांनी आखलं त्या विभागाचे प्रमुख

विषय : तुमच्या ३ किलोवॉटच्या इन्स्टंट वॉटर हीटरची सदोष रचना, खोक्यावरची खोटी माहिती आणि त्यापायी घरातलं माणूस भाजल्याबाबत

महोदय,

आज तुमच्या ग्राहक सेवेशी माझं जे बोलणं झालं ते शेवटचं. यापुढे फोन करणार नाही. हे पत्र लिहितेय कारण फोनवर बोलणाऱ्या माणसांना यंत्राच्या आत काय आहे ते माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते फोनवर येत नाहीत. तुम्ही ते यंत्र बनवलंय, तेव्हा तुम्हाला आतलं सगळं ठाऊक आहे असं धरून मी लिहिते.

यंत्राच्या पुढच्या बाजूला एक गोल बटण आहे. त्याच्याभोवती ३० पासून ५५ पर्यंत अंश छापलेत. माहितीपत्रकात त्याला 'तापमान नियंत्रण' म्हटलंय आणि 'हवं ते तापमान निवडा, पाणी तेवढंच गरम मिळेल' असं वाक्य आहे. तुमच्या मेकॅनिकने माझ्यासमोर झाकण उघडलं तेव्हा त्या बटणाच्या मागे काय आहे ते मी पाहिलं. बटणाला एकही वायर जोडलेली नाही. त्याचा दांडा सरळ पितळी कॉकमध्ये जातो. बटण ५५ कडे फिरवलं की कॉक आवळतो आणि पाणी कमी येतं, ३० कडे फिरवलं की कॉक सैल होतो आणि पाणी जास्त येतं. बस, एवढंच. एलिमेंट एकच आहे आणि तो एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. आत येणारं पाणी किती थंड आहे हे मोजणारं काही नाही, बाहेर पडणारं किती गरम आहे हे मोजणारंही काही नाही. मग बटणाभोवती अंश कशाच्या आधारावर छापले? आत २८ अंशांचं पाणी येत असताना आणि १५ अंशांचं येत असताना बटण त्याच ४० वर ठेवलं तर बाहेर १३ अंशांचा फरक पडतो. मी थर्मामीटर लावून पाहिलंय. तुमच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर नसेल असं मला वाटत नाही.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. मोठ्या अक्षरांत छापलंय : 'मिनिटाला ६ लिटर, ४० अंश गरम पाणी'. मिनिटाला १ लिटर वाहतं पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ७० वॉट लागतात. हे पाण्याच्या गुणधर्मातून येतं, कोणत्याही कंपनीच्या कौशल्याने यात बदल होत नाही. म्हणजे ३००० वॉटच्या यंत्रात मिनिटाचे लिटर आणि वाढलेले अंश यांचा गुणाकार ४३ च्या वर जाऊच शकत नाही. ६ लिटर वाहू दिले तर पाणी ७ अंशांनी तापणार. तुमचा दावा खरा ठरायला आत येणारं पाणीच ३३ अंशांचं हवं. ३३ अंशांचं पाणी ज्याच्या नळाला येतं तो हीटर कशाला घेईल?

थंडीत नळाचं पाणी १५ अंशांवर असतं. ते ६ लिटरच्या धारेने ४० वर न्यायचं तर साडेदहा किलोवॉट लागतील, म्हणजे २३० व्होल्टवर ४५ अँपिअरच्या आसपास. तुमचं यंत्र १३ अँपिअर घेतं आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतं. लहान आकार, साधा सॉकेट आणि भरपूर गरम पाणी या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, दोनच मिळतात. हे तुमच्या इंजिनिअरांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. आकार लहान ठेवण्यात काही गैर नाही, मलाही लहानच हवं होतं. पण मग खोक्यावर लिहा की ३ लिटरला १४ अंश वाढ आणि २ लिटरला २१ अंश वाढ. लोक त्याप्रमाणे ठरवतील. शिवाय हे आकडे व्होल्टेज पूर्ण असतानाचे. व्होल्टेज २०० वर उतरलं तर हेच यंत्र सव्वादोन किलोवॉटचं होतं, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. सगळे आंघोळीला उठतात तेव्हाच व्होल्टेज पडतं. पत्रकात याबद्दल चकार शब्द नाही.

थंडीत पाणी गरम मिळत नाही, ही माझी पहिली तक्रार होती. त्यावर प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं : "प्रवाह कमी करा, मॅडम." प्रवाह कमी केला. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन मोजला. मिनिटाला २ लिटरच्या खाली गेलं की तुमचा फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहतंय का ते ओळखणारा स्विच, सुटतो आणि हीटर बंद पडतो. २ लिटरला जास्तीत जास्त २१ अंश वाढ, म्हणजे १५ चं पाणी ३६ वर. ४० हवं तर प्रवाह १.७ लिटरवर आणावा लागतो आणि तिथे स्विच लागतच नाही. म्हणजे थंडीत ४० अंशांचं पाणी हे यंत्र देऊच शकत नाही. कसंही फिरवा, देऊ शकत नाही. ज्याने एलिमेंट निवडला आणि ज्याने स्विच निवडला ते दोघे एका टेबलावर कधी बसलेच नाहीत का?

पण हे पत्र पाणी कोमट येतं म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या सासूबाई भाजल्या म्हणून लिहिलंय.

त्यांनी अंगावर पाणी घेतलं, साबण लावायला नळ बंद केला आणि पुन्हा सुरू केला. पहिली धार खांद्यावर पडली आणि त्या ओरडल्या. त्यांचं वय ७७ आहे. त्या वयात कातडी पातळ होते आणि अंग चटकन बाजूला घेता येत नाही. खांद्यापासून दंडापर्यंत लाल पट्टा उठला आणि रात्री त्यावर फोड आले. डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

नंतर मी नळ बंद-चालू करून पाहिला. नळ बंद केल्यावर तुमच्या यंत्राचा लाल दिवा लगेच विझत नाही. चार-पाच सेकंद तसाच जळत राहतो आणि मग टक्कन आवाज होऊन विझतो. त्या चार-पाच सेकंदांत आत काय होतं ते तुम्ही सांगायला हवं होतं, मीच सांगते. आतल्या टाकीत जेमतेम २०० मिलिलिटर पाणी मावतं. पाणी वाहत नाही आणि ३००० वॉट चालू आहेत, तर ते पाणी सेकंदाला साडेतीन अंशांनी तापतं. पाच सेकंदांत १८ अंश. त्यावर एलिमेंटच्या स्वतःच्या अंगात साठलेली उष्णता, ती स्विच पडल्यावरही पाण्यातच उतरते. पुन्हा नळ उघडला की ते पेलाभर पाणी सगळ्यात आधी बाहेर येतं. मी मोजलं तेव्हा ते ५५ च्या पुढे होतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत माणसाला भाजतं हे तुमच्या धंद्यात कुणाला नव्याने सांगावं लागू नये.

स्विच उशिरा का पडतो, तेही तुमच्याच मेकॅनिकने सांगितलं. फ्लो स्विचमध्ये चुंबक बसवलेला पिस्टन असतो. पाण्याने तो वर उचलला जातो आणि चुंबक जवळ आला की बाहेरचा रीड स्विच लागतो, पाणी थांबलं की पिस्टन खाली यायला हवा. पाण्यातले क्षार त्याच्यावर बसतात आणि तो अडकत अडकत खाली येतो. पाणी तापलं की क्षार बसणारच, पाणी तापवण्याचं यंत्र बनवणाऱ्याने हे धरूनच चालायचं असतं. "सगळ्याच पीसना असं होतं, बाई," असं तो म्हणाला. त्याला दोष देऊ नका, तुमच्या अख्ख्या कंपनीत खरं बोललेला तो एकटा माणूस आहे. त्याने कागदावर मात्र 'क्षारांमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही' असं लिहिलं, कारण त्याला तसंच लिहायला सांगितलेलं आहे.

आता आजचा फोन. मी वरची सगळी हकिकत सांगितली. बटणामागचा कॉक, दोन लिटरला सुटणारा स्विच, उशिरा विझणारा दिवा, सासूबाईंचा खांदा. पलीकडच्या गृहस्थांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, पाणी गरम येत नसेल तर प्रवाह कमी करा."

मी म्हटलं, कमी केला की हीटर बंद पडतो.

"मग थोडा वाढवा."

वाढवला की पाणी कोमट येतं.

"मग थोडा कमी करून बघा ना."

मी विचारलं, तुम्ही माझं बोलणं ऐकताय की समोरचा कागद वाचताय? त्यावर ते म्हणाले, "तुमच्याकडचं पाणीच फार थंड आहे, त्याला आम्ही काय करणार?" पाणी थंड असतं म्हणूनच माणूस हीटर घेतो. हे मला तुमच्या कंपनीला लिहून कळवावं लागतंय.

मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. बराच वेळ गाणं वाजलं. वरिष्ठ आले. त्यांनी नाव सांगितलं नाही, खांदा कसा आहे हेही विचारलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य असं होतं : "तुम्ही एकदा म्हणता पाणी गरम येत नाही आणि एकदा म्हणता पाण्याने भाजलं. आधी तुमची नक्की तक्रार काय आहे ते ठरवा आणि मग फोन करा."

मी दोन मिनिटं काही बोलूच शकले नाही.

साहेब, दोन्ही तक्रारी एकच आहेत. तुमच्या यंत्रात पाण्याचं तापमान मोजून एलिमेंटला आवरणारं काहीही नाही. म्हणून थंडीत पाणी कोमट राहिलं तरी त्याला पत्ता नसतो आणि नळ बंद केल्यावर ते जास्त तापवतं. त्याला कळतच नाही आपण काय करतोय. हे मी त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आजींना आधी हात लावून बघायची सवय करायला सांगा." तुमच्या वरिष्ठांच्या घरात कुणी म्हातारं माणूस नाही का? डोळ्यांत साबण गेलेलं माणूस आधी हात लावून बघतं का? आणि हात भाजला तर चालतो का? 'तापमान नियंत्रण' असं मोठ्या अक्षरांत छापायचं आणि नियंत्रण सासूबाईंच्या तळहाताकडे द्यायचं, याला मी फसवणूक म्हणते.

मग त्यांनी सुनावलं की यंत्रात थर्मल कटआउट आहे, त्यामुळे ते सुरक्षित आहे. कटआउट मीही पाहिला. पाणी उकळण्याच्या बेताला आलं की तो वीज तोडतो. तो तुमच्या टाकीला आणि एलिमेंटला वाचवतो. माणसाची कातडी त्याच्या कितीतरी आधी जळते. यंत्राला जपणारा भाग तुम्ही घातलात आणि माणसाला जपणारा नाही घातलात.

आणि हे करणं काही अवघड नव्हतं. पाणी येतं तिथे एक आणि बाहेर पडतं तिथे एक असे तापमान मोजणारे दोन थर्मिस्टर बसवायचे. पाणी आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या पिस्टनऐवजी किती आहे हे सांगणारी, चुंबक आणि त्याचे फेरे मोजणारा हॉल सेन्सर असलेली छोटी चक्री बसवायची. आत आलेलं तापमान, हवं असलेलं तापमान आणि प्रवाह कळला की किती वॉट लागतील हा साधा गुणाकार आहे, तेवढेच वॉट ट्रायॅकने, म्हणजे वीज कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचने, सोडायचे. चक्री थांबली की त्याच क्षणी एलिमेंट बंद. चक्रीवर क्षार बसून तिने प्रवाह चुकीचा दाखवला तरी बाहेरचा थर्मिस्टर ४५-५० च्या वर जाऊ देणार नाही, म्हणजे एक फसलं तर दुसरं सांभाळेल. वॉट कमी पडले तर निदान जेवढं तापतं तेवढं तरी स्थिर राहील. अशी यंत्रं बाजारात मिळतात आणि ती तुमच्या यंत्राहून आकाराने मोठी नसतात. तुम्ही हे केलं नाही, पण पत्रकात मात्र केल्यासारखं लिहिलं. इन्स्टंट हीटरच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०३३५-२-३५ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तुमच्या यंत्राची त्यानुसार चाचणी कुठे झाली आणि साठून राहिलेल्या पाण्याचं तापमान किती भरलं, त्याचा अहवाल मला पाठवा.

तुमच्याच कंपनीचा जुना, साठवणीचा गीझर आमच्याकडे वर्षानुवर्षं चालला. कधी कुरकुर नाही. म्हणून दुकानात दुसऱ्या कुठल्या नावाकडे पाहिलंसुद्धा नाही, उलट ओळखीच्यांनाही हेच घ्या म्हणून सांगितलं. त्यांच्याही घरात आता तेच बटण आणि तोच कॉक आहे. त्या सगळ्यांना मी फोन करून साबण लावताना नळ बंद करू नका असं सांगितलं आहे. हे काम तुमचं होतं.

मला काय हवं ते लिहिते. यंत्र परत न्या आणि पूर्ण पैसे परत करा. तेच मॉडेल बदलून नको. डॉक्टरांचा खर्च द्या. आजवर विकलेल्या सगळ्या ग्राहकांना नळ बंद करून उघडल्यावर पहिलं पाणी अंगावर घेऊ नका असं लेखी कळवा. खोक्यावरचे ६ लिटर आणि बटणाभोवतीचे अंश काढा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर बटणाच्या मागचे फोटो, थर्मामीटरचे फोटो, लाल दिव्याचा व्हिडिओ आणि डॉक्टरांचा कागद घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. धमकी समजा, माझी हरकत नाही.

तुमची एके काळची समाधानी ग्राहक

ता. क. : यंत्र बसवून गेलेल्या माणसाने भरलेला फॉर्म आज पुन्हा पाहिला. त्यात 'अर्थिंग तपासलं' आणि '३० मिलिअँपिअरचा गळती संरक्षक स्विच (वीज गळाली की पुरवठा तोडणारा) असल्याची खात्री केली' या दोन्ही रकान्यांत बरोबरची खूण आहे. त्याच्याकडे मीटर नव्हता आणि तो मेन बोर्डाजवळ फिरकलाही नव्हता. पाण्यात वीज खेळवणाऱ्या यंत्राच्या बाबतीत तुमच्याकडे या खुणा कोण तपासतं, त्या व्यक्तीचं पद उत्तरात कळवा.